दहा दिवसांत पाच पद्धतींची लेव्हल टू? फी भरण्याआधी थोडं थांब

प्रश्न पलूसकडच्या एका मुलाचा आहे. मिरजेच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सध्या कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला ट्रेनी आहे. एका संस्थेने त्याला दहा दिवसांत एनडीटीच्या, म्हणजे वस्तू न मोडता तिच्यातली खोट शोधण्याच्या, पाच पद्धतींची लेव्हल टू (स्वतः तपासून निकाल द्यायच्या पातळीची) सर्टिफिकेटं देतो म्हणून सांगितलंय: डीपी (रंग शिरवून), एमपीआय (चुंबकाने), यूटी (आवाजाच्या लहरींनी), आरटी (एक्स-रे किंवा गॅमा किरणांनी) आणि व्हिज्युअल (डोळ्यांनी), वर गल्फमध्ये नोकरीची हमी. फी द्राक्षांच्या पैशातून भरायची आहे. वडील म्हणतात, रेडिएशनचं काम नको. आणि जाता जाता विचारलंय की डिप्लोमावर थांबू की डिग्री करू.

माझी सगळी नोकरी एनडीटीत गेली. फौंड्री, फोर्जिंग, साखर कारखाने, थोडंफार पाइपलाइनचं काम. तू वयाने लहान आहेस म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

या पॅकेजची फी भरू नकोस. का ते आधी हिशोबाने सांगतो.

आपल्याकडे बहुतेक सर्टिफिकेटं अमेरिकेतल्या एएसएनटी या संस्थेच्या एसएनटी-टीसी-१ए या शिफारशीवर चालतात. त्यात प्रत्येक पद्धतीला प्रशिक्षणाचे तास दिलेत. लेव्हल वन आणि टू मिळून डीपीला १२, एमपीआयला २०, व्हिज्युअलला २४, यूटीला ८० आणि आरटीला ८०. बेरीज २१६. रोज आठ तास बसलास तरी २७ दिवस. दहा दिवसांत होतात ८० तास, म्हणजे एकट्या यूटीला पुरतील एवढे. बाकीच्या चार पद्धती कुठे शिकवल्या हे त्या संस्थेलाच विचार.

हे झाले वर्गातले तास. त्याशिवाय त्या त्या पद्धतीत प्रत्यक्ष काम केलेले तास लागतात. लेव्हल टूपर्यंत डीपीला २१०, एमपीआयला २८०, यूटीला ८४०, आरटीलाही ८४०. टीसी-१ए ही शिफारस आहे, कायदा नाही, त्यामुळे कंपनी आपल्या कामाप्रमाणे यात थोडा फरक करू शकते. पण करायचा तर तो लिखित स्वरूपात, आणि कारण देऊन. ज्याने यूटीचा प्रोब, म्हणजे आवाज सोडून परत ऐकणारा तुकडा, कधी हातात धरला नाही त्याला लेव्हल टू करण्याची सोय त्यात कुठेच नाही.

दुसरी गोष्ट संस्था सहसा सांगत नाहीत. टीसी-१ए मध्ये सर्टिफिकेट देणारा असतो मालक, म्हणजे तू जिथे नोकरी करतोस ती कंपनी. कंपनीची स्वतःची रिटन प्रॅक्टिस, म्हणजे लेखी नियमावली, असते, ती सगळ्यात वरच्या पातळीच्या, लेव्हल थ्रीच्या माणसाने तपासलेली असते, त्यानुसार जनरल, स्पेसिफिक आणि प्रॅक्टिकल अशा तीन परीक्षा होतात. प्रत्येकीत किमान ७० आणि सरासरी ८० टक्के लागतात. मग कंपनी लिहून देते की हा माणूस आमच्याकडे अमुक काम करायला पात्र आहे. हे सर्टिफिकेट ड्रायव्हिंग लायसन्ससारखं खिशात घालून गावभर फिरता येत नाही. नोकरी सोडलीस की ते तिथेच संपतं. नवीन कंपनी तुझे प्रशिक्षणाचे आणि अनुभवाचे कागद बघते आणि आपल्या नावाने पुन्हा सर्टिफाय करते. संस्थेकडून तुला खरं मिळतं ते शिकल्याचा आणि परीक्षा दिल्याचा दाखला. तोही कामाचाच आहे, पण त्यालाच लेव्हल टू म्हणून विकणं ही धूळफेक आहे.

आयएसओ ९७१२ ची पद्धत वेगळी. तिथे मालकाऐवजी त्रयस्थ संस्था परीक्षा घेते आणि सर्टिफिकेट माणसासोबत जातं. आपल्याकडे इंडियन सोसायटी फॉर नॉनडिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग, म्हणजे आयएसएनटी, आयएस १३८०५ नुसार सर्टिफिकेशन करते. तिचं मुख्यालय चेन्नईला आहे आणि पुण्यात तिचा चॅप्टर आहे. तुला पुण्याला जाऊन शिकायचंच असेल तर पहिली चौकशी तिथे कर.

आता पैसे न घालवता काय करायचं ते सांगतो. तू बसलायस त्या जागेची तुला किंमत कळलेली दिसत नाही. सांगली, सातारा आणि शेजारचं कोल्हापूर मिळून जेवढं ओतकाम, फोर्जिंग आणि फॅब्रिकेशन होतं, तेवढं शिकायला लोक लांबून येतात. किर्लोस्करवाडीचा कारखाना तर तुझ्याच तालुक्यात, १९१० पासून. साताऱ्यात कूपरचा कारखाना १९२२ पासून. फलटणला इंजिनांचं काम, शिरोळीपासून कागलपर्यंत फौंड्र्यांची रांग, तिन्ही जिल्ह्यांत नदीकाठाने साखर कारखाने. एनडीटीत मशीन चालवायला महिनाभरात येतं. पडद्यावर किंवा जॉबवर, म्हणजे तपासायच्या वस्तूवर, जे दिसलं ते काय आहे हे सांगायला वर्षं लागतात, आणि ते सांगता येतं वस्तू कशी बनली हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसालाच.

म्हणून सुरुवात डीपीने कर, तीही आहेस त्याच शॉपमध्ये. तीन डबे लागतात: क्लीनर, लाल पेनिट्रंट, पांढरा डेव्हलपर. सगळ्यांना वाटतं यात काय आहे. यात बरंच आहे. जॉब शॉट ब्लास्ट करून आला असेल तर क्रॅकचं तोंड ठोकून बंद झालेलं असू शकतं, पेनिट्रंट आत जाणारच नाही आणि जॉब स्वच्छ दिसेल. पेनिट्रंट मारल्यावर किमान दहा मिनिटं थांबायचं असतं. तिथे घाई करणारे खूप. नेहमीच्या प्रोसिजरमध्ये जॉबचं तापमान ५ ते ५२ अंश सेल्सिअस असावं लागतं. मे महिन्यात जतच्या बाजूला उघड्यावर पडलेल्या टाकीच्या प्लेटला दुपारी दोनला हात लावून बघ, टेकवत नाही. अशी कामं सकाळी उरकायची.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुसण्यात. जादा पेनिट्रंट आधी कोरड्या फडक्याने पुसायचं, मग फडक्यावर क्लीनर घेऊन हलक्या हाताने. क्लीनर थेट जॉबवर फवारलास तर क्रॅकमध्ये गेलेला रंगही धुऊन निघतो. साइटवर दहातले आठ जण सरळ जॉबवरच फवारतात, कारण लवकर होतं. डेव्हलपरचा थर इतका पातळ हवा की खालचं लोखंड किंचित जाणवेल. मग तिथून हलायचं नाही. रंग बाहेर येताना बघायचा. पहिल्या अर्ध्या मिनिटात फसफसून पसरला तर आत जागा मोठी आहे. पाच मिनिटांनी केसासारखी रेघ उमटली तर ती बारीक आणि घट्ट क्रॅक आहे, आणि बहुतेक वेळा घातक तीच असते. सगळं वाळल्यावर येऊन फोटो काढणाऱ्याला या दोन्हीतला फरक कळत नाही. लांबी रुंदीच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर ते लिनिअर, नाहीतर राउंडेड, हा नियम पुस्तकात मिळेल. नजर मात्र अशी बघूनच तयार होते.

शॉपमधली सगळी रिजेक्ट कास्टिंगं मागून घे. भंगारात जाण्याआधी प्रत्येकावर डीपी कर आणि मग ते कापून बघ. रायझरच्या (कास्टिंगला जादा धातू पुरवणाऱ्या खुंटाच्या) बुडाशी स्पंजासारखा डाग दिसला तर ते श्रिंकेज. जाड भाग पातळ भागाला जिथे मिळतो तिथे वेडीवाकडी फाटलेली रेघ असेल तर हॉट टिअर. कडा गोलसर असलेली शिवण दिसली तर कोल्ड शट, धातूचे दोन प्रवाह भेटले पण एकजीव झाले नाहीत. फोर्जिंगचा लॅप तिरका आत शिरतो. ग्राइंडिंग क्रॅक ग्राइंडिंगच्या दिशेला आडव्या, कधी जाळीसारख्या. हे प्रत्येक एकदा हाताने कापून बघितलेलं असेल तर मुलाखतीला कोणी कितीही फिरवून विचारू दे.

एमपीआय फोर्जिंगवाल्यांकडे शिक. क्रँकशाफ्ट, नकल, कनेक्टिंग रॉड, सगळं वेट बेंचवरून जातं, म्हणजे जॉब चुंबकित करून त्यावर चमकणाऱ्या पुडीचं द्रव ओततात आणि क्रॅकवर पूड जमते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत काळ्या पडद्याआड उभं राहून हिरवी चमक शोधायची, कंटाळवाणं काम आहे. पण तिथेच शिस्त लागते. खोलीत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला किमान पाच मिनिटं द्यायची. बाहेरून येऊन लगेच जॉब उचलायचा नाही. उन्हात काळा होणारा चष्मा तिथे चालत नाही. अल्ट्राव्हायोलेट दिव्याची तीव्रता जॉबवर चौरस सेंटिमीटरला किमान १००० मायक्रोवॉट हवी आणि बाकीचा उजेड २० लक्सच्या आत. साइटवर योक, म्हणजे हातात धरायचा चुंबक, वापरशील तेव्हा एसी योकने ४.५ किलोचं वजन उचललंच पाहिजे, आणि प्रत्येक जागा दोन दिशांनी तपासायची, कारण चुंबकीय रेषांना समांतर असलेली क्रॅक दिसत नाही. जॉब डीमॅग्नेटाइज करायला विसरलं की मशीनिंगला लोखंडाचा चुरा चिकटतो आणि शिव्या आपल्याला बसतात.

फी भरण्याआधी एक फुकटातलं काम कर, डोळे तपासून घे. टीसी-१ए नुसार जेगर नंबर २ ची अक्षरं बारा इंचांवरून निदान एका डोळ्याने वाचता आली पाहिजेत, चष्मा लावून चालतो. ही तपासणी दरवर्षी होते. रंगांतला फरक ओळखता येतो का हेही बघतात. रंगांधळेपणा असलेली मुलं पैसे भरून मोकळी होतात आणि मग कळतं.

आता यूटी. माझं वैयक्तिक मत, पुढची वीस वर्षं या धंद्यात टिकायचं असेल तर यूटीला पर्याय नाही. फेज्ड अॅरे, टॉफ्ड या ज्या मोठ्या पगाराच्या गोष्टी ऐकतोस त्या यूटीचीच पुढची घरं आहेत, आणि साध्या यूटीत कच्चा असलेला माणूस फेज्ड अॅरेच्या रंगीत चित्रात जास्तच वाहवत जातो.

यूटीला दहावीची त्रिकोणमिती लागते, त्याहून जास्त काही नाही. २० मिलिमीटर प्लेटची बट वेल्ड आहे आणि हातात ७० अंशाचा प्रोब. अर्ध्या स्किपचं अंतर, म्हणजे बीम प्लेटच्या तळाला पोचेपर्यंतचं आडवं अंतर, २० गुणिले टॅन ७०, साधारण ५५ मिलिमीटर. पूर्ण स्किप ११०. म्हणजे प्रोब वेल्डच्या मध्यापासून ५५ वर असताना बीम रूटवर, म्हणजे वेल्डच्या तळाशी पडतो आणि ११० वर असताना कॅपकडे, म्हणजे वरच्या बाजूला. त्याचा अर्थ वेल्डच्या दोन्ही बाजूंना निदान सव्वाशे मिलिमीटर पट्टा घासून साफ हवा. स्पॅटर असेल, पेंट सुटत असेल तर स्कॅनिंगच होत नाही. साइटवर गेल्या गेल्या आधी हा पट्टा बघायचा, मशीन नंतर उघडायचं. अर्ध्या स्किपला बीमचा मार्ग २० भागिले कॉस ७०, म्हणजे सुमारे ५८. पडद्यावर ५८ च्या आसपास इको, म्हणजे परत आलेल्या आवाजाची खूण, आला तर रूट आहे, आता तो रूटचा साधा आकार की लॅक ऑफ पेनिट्रेशन (वेल्ड तळापर्यंत न पोचणं), ते ठरवायचं. ५२ ला आला तर रूटच्या वर काहीतरी आहे. हा हिशोब ज्याला तोंडपाठ नाही तो इको मोजतो, वेल्ड तपासत नाही.

फौंड्रीत यूटीचा एक सुंदर उपयोग आहे. स्टीलमध्ये आवाजाचा सरळ जाणारा वेग सेकंदाला सुमारे ५९२० मीटर. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या ओतीव लोखंडात, गोळे नीट बनले असतील तर साधारण ५६०० च्या आसपास. ग्रे आयर्नमध्ये तो बराच कमी, ४६०० च्या आगेमागे. आता जाडी मोजायचं यूटी गेज स्टीलच्या ब्लॉकवर सेट कर आणि मायक्रोमीटरने बरोबर २५ मिलिमीटर भरणारा एसजीचा भाग मोज. गोळे चांगले असतील तर गेज २६.४ च्या जवळ दाखवेल, कारण आवाज हळू गेला आणि गेजला वाटलं जाडी जास्त आहे. तेच २९, ३० दाखवायला लागलं तर गोळे बनवणारी मॅग्नेशियमची ट्रीटमेंट फसली आहे किंवा ओतायला उशीर झालाय. कास्टिंग न कापता लॅडलपर्यंतची, म्हणजे धातू ओतायच्या भांड्यापर्यंतची गोष्ट कळते. तुझ्या कंपनीत जाडी मोजायचं गेज धूळ खात पडलेलं असेल तर हे करून दाखव, साहेबाला तुझं नाव पाठ होईल.

साखर कारखान्यांकडे या धंद्यातली मुलं जरा नाक मुरडतात. मला ते कधी पटलं नाही. गाळप साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला संपतं. मग ओव्हरहॉलिंग. तेव्हा बॉयलरच्या ट्यूबची जाडी, ड्रमचे वेल्ड, टर्बाइनचे भाग, गिअर, आणि सगळ्यात महत्त्वाचे मिल रोलरचे शाफ्ट तपासायला माणसं लागतात. कराडपासून मिरजेपर्यंत नुसती रांग लागलेली असते.

रोलर शाफ्ट म्हणजे यूटी शिकायची खरी शाळा. शाफ्टवर कास्ट आयर्नची शेल गरम करून बसवलेली असते. शेल जिथे संपते आणि जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग, जिथे सुरू होतं त्या भागात वाकणं, पिळणं आणि वरून उसाचा रस, तिन्ही एकदम. क्रॅक बहुधा तिथेच जन्मते. शेल काढता येत नाही, म्हणून शाफ्टच्या तोंडावर, एंड फेसवर, प्रोब लावून लांबवर बघायचं. आणि पडद्यावर येतात डझनभर इको. प्रत्येक पायरीचा एक, फिलेटचा (पायरीच्या गोलसर कोपऱ्याचा) एक, शेलची कड घट्ट बसली असेल तिथलाही बारीक एक, शिवाय आवाज बाजूच्या भिंतीला आपटून उशिरा येतो त्याचे वेगळेच. नवखा माणूस यातल्या निम्म्यांना क्रॅक म्हणतो.

म्हणून आधी ड्रॉइंग मागायचं. ड्रॉइंग नसेल, आणि बऱ्याचदा नसतंच, तर टेप घेऊन शाफ्टच्या सगळ्या पायऱ्या स्वतः मोजायच्या आणि वहीत काढायच्या. मग पडद्यावरच्या प्रत्येक इकोला वहीतली एक पायरी लावायची. ज्याला पायरी मिळत नाही तो संशयित. प्रोब एंड फेसवर गोल फिरवायचा. पायरीचा इको चहूबाजूंनी सारखा येतो, एका बाजूने सुरू झालेली क्रॅक तेवढ्याच पट्ट्यात उठते आणि मग बसते. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नये, फिरणाऱ्या शाफ्टला कधी कधी पूर्ण गोलाईत क्रॅक पडते आणि ती हुबेहूब पायरीसारखी दिसते. तिथे अंतर मोजलेलंच कामाला येतं. जमलं तर जर्नलवरून अँगल प्रोबने दुसऱ्या बाजूने खात्री करायची, आणि शेजारच्या तशाच रोलरशी ताडून बघायचं. मागच्या वर्षीचा रिपोर्ट असेल तर सोन्याहून पिवळं. असे दोन ऑफ सीझन अनुभवी माणसाच्या हाताखाली काढलेस तर लांब शाफ्टची भीती कायमची जाते. आणि तास मोजले तर यूटीचे ८४० तिथेच बरेचसे भरतात.

वडिलांचं रेडिएशनबद्दलचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस, पण त्यांना पूर्ण माहिती सांग. आरटीची लेव्हल टू असली म्हणून कोणी तुला सोर्स, म्हणजे किरणं सोडणारा किरणोत्सारी तुकडा, हाताळायला देऊ शकत नाही, ते बेकायदेशीर आहे. त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओग्राफरचा कोर्स वेगळा लागतो, कंपनीकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर लागतो आणि तुझ्या छातीवर डोस मोजणारा टीएलडी बॅज लागतो. वयाची अट १८ पूर्ण. कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त डोस चालत नाही. नियमाने काम करणाऱ्या माणसाचा डोस सहसा याच्या खूप खाली राहतो.

धोका कुठे आहे तेही ऐक. एक्स-रे मशीन बंद केलं की रेडिएशन बंद. सोर्समधल्या इरिडियम-१९२ ला बंद करायचं बटण नाही. त्याची तीव्रता निम्मी व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, तोवर तो आपला चालूच. एक्स्पोजर झाल्यावर सोर्स कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या जाड पेटीत, पूर्ण परत आला असं समजून लोक सर्व्हे मीटर (रेडिएशन मोजायचं यंत्र) न घेता पुढे जातात. जगभरातल्या इंडस्ट्रियल रेडिओग्राफीच्या अपघातांत हेच कारण पुन्हा पुन्हा दिसतं. अंतर हा सगळ्यात स्वस्त बचाव, दोन मीटरवरून दहा मीटरवर गेलास तर डोस पंचविसावा हिस्सा होतो. कंत्राटदाराकडे चालू असलेला सर्व्हे मीटर नसेल, किंवा बॅज ऑफिसच्या कपाटात राहत असेल, तर त्या दिवशी तिथून परत ये. पगार बुडाला तर बुडू दे.

वडिलांना एवढं मात्र सांगता येईल की फिल्म वाचणं हे वेगळं काम आहे. तिथे रेडिएशनचा संबंध नाही, व्ह्यूअरसमोर बसून फिल्म तपासायची. आरटी शिकायचंच तर या बाजूने शिक. आणि अॅल्युमिनियम कास्टिंगवाल्यांकडे बंद कॅबिनमधला एक्स-रे असतो, त्यात आणि रात्री उघड्यावर इरिडियम घेऊन पाइपलाइनवर जाण्यात बरंच अंतर आहे.

संस्था निवडताना जाहिरात बघू नकोस, जाऊन बस आणि विचार. प्रत्येक पद्धतीचे तास किती, आणि हजेरीचा रजिस्टर दाखवाल का? एका यूटी मशीनमागे मुलं किती? प्रॅक्टिकलला खोट माहीत असलेले नमुने किती आहेत, की मशीन सेट करायच्या व्ही-१ ब्लॉकवरच सगळा कोर्स उरकतो? शिकवणारा लेव्हल थ्री कोण, आणि तो स्वतः येतो की फक्त सही येते? परीक्षेत नापास झालेले असतात का? या शेवटच्या प्रश्नाला "आमच्याकडे कोणी नापास होत नाही" असं हसत उत्तर मिळालं तर चहा पिऊन निघ. वेल्डिंगच्या बाजूचं सखोल शिकायचं असेल तर तिरुचिरापल्लीला भेलची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, तिथे एनडीटीचे कोर्स होतात. लांब आहे, पण पॅकेजपेक्षा बरं.

गल्फबद्दल थोडक्यात. तिथे पैसा आहे हे खरं. पण तिथले मोठे क्लायंट कागदावर विश्वास ठेवत नाहीत, स्वतःचा नमुना पुढे ठेवून प्रॅक्टिकल घेतात. टीसी-१ए सोबत पीसीएन किंवा सीस्विप ही ब्रिटिश सर्टिफिकेटं मागणारेही बरेच. दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन गेलेली मुलं तिथे हेल्पर म्हणून राबतात आणि कर्ज फेडत बसतात. हमी देणाऱ्या एजंटाचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेटवर तपास. क्रमांक द्यायला टाळाटाळ केली तर विषय संपला. तीनचार वर्षं इथे यूटी घासून केलीस तर तिकडून विचारणा आपोआप येते.

पगाराचं म्हणशील तर पहिलं वर्ष दीड वर्ष मशीन शॉपच्या मुलांपेक्षा वेगळं काही मिळत नाही. शटडाउनला ओव्हरटाइम बरा असतो, जेवणाखाणाचे मात्र हाल. लग्न ठरवताना "कायम बाहेरगावी असतो" हा मुद्दा येतोच, त्याचीही तयारी ठेव.

आणि दबाव. संध्याकाळी सहाला लॉट आलाय, गाडी लागलीय, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि तुला एका जॉबच्या फिलेटवर अर्ध्या इंचाची रेघ चमकताना दिसतेय. डिस्पॅचचा माणूस म्हणतो, भाऊ, एवढं काय, फडकं मार आणि परत बघ. अशा वेळी वाद घालायचा नाही. जॉबवर खडूने गोल करायचा, फोटो काढायचा, रिपोर्टला नंबर टाकून रिजेक्ट लिहायचं आणि कॉपी क्वालिटी हेडला मेल करायची. लेखी गेलं की आवाज खाली येतात. खाली सही तुझी असते, डिस्पॅचवाल्याची नसते. एका कंपनीत मला रिपोर्ट बदलून मागितला होता, मी दिला नाही आणि पुढचं कंत्राट गेलं. असं होतं.

तू आत्ता काय करायचं म्हणशील, तर एक जाड वही घे. तारीख, जॉब, पद्धत, किती तास, कोणाच्या हाताखाली, काय सापडलं, एवढे रकाने पाड. दर आठवड्याला सिनिअरची सही घे, वर्षाने एकदम मागितलीस तर कोणी देत नाही. याच वर्षी डीपी आणि एमपीआयचं प्रशिक्षण पूर्ण तासांचं कर, ते तुलनेने स्वस्त आहे आणि द्राक्षांच्या पैशाला हात लावायची बहुधा गरज पडणार नाही. यूटीचा कोर्स त्यानंतर, आणि तो करण्याआधी निदान एक ऑफ सीझन एखाद्या यूटीवाल्यामागे बॅग उचलून फिर. वर्गात बसशील तेव्हा तुझे प्रश्न वेगळे असतील. आरटी दोन वर्षांनी बघू.

डिग्रीचं उत्तर तुझ्या वयावर आणि घरच्या परिस्थितीवर आहे. शॉपवर काम करायला डिप्लोमा भरपूर झाला. पण एएसएनटीची लेव्हल थ्री करायची मनात असेल तर डिग्रीवाल्याला अनुभवाची अट कमी लागते, आणि बेसिकच्या पेपरात मटेरियल आणि प्रोसेस यांवर बरेच प्रश्न असतात. डायरेक्ट सेकंड इयरला जायचंच तर पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी (धातुशास्त्र) आहे, ती मिळते का बघ. नाही मिळाली तर कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज किंवा सांगलीचं वालचंद, मेकॅनिकलला. सुट्टीत कारखान्यावर यायची वाट मात्र बंद करू नकोस, आणि त्या तासांचीही वहीत नोंद कर.